फिरवायचं की सरकवायचं

मॉड्युलर सिंथेसायझरवर काम करताना कानांइतकंच काम हातांना पडतं. आवाज निर्माण करणारा ऑसिलेटर, त्यातला नको तो भाग गाळणारा फिल्टर, आवाज कसा उमटावा आणि कसा विरावा हे ठरवणारा एन्व्हलप, सुरावट पुन्हा पुन्हा वाजवणारा सिक्वेन्सर अशी सुटी सुटी मॉड्यूल्स एका पेटीत बसवलेली असतात. केबलींनी ती एकमेकांना जोडून दर वेळी नवं वाद्य उभं करावं लागतं. जोडाजोड झाली की उरलेला सगळा वेळ एकाच कामात जातो: कुठला तरी कंट्रोल थोडा वाढवायचा, थोडा कमी करायचा, ऐकायचं, पुन्हा हात लावायचा. हा कंट्रोल काही मॉड्यूल्सवर गोल नॉब असतो, तर काहींवर सरळ खाचेत वर-खाली होणारा स्लायडर. यातलं चांगलं कोणतं, हा वाद या वाद्याइतकाच जुना आहे आणि बहुतेक वेळा ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून तो मिटवला जातो. तो तसा मिटवू नये असं मला वाटतं, कारण या कामात हात रुळल्यावर एक गोष्ट सतत जाणवत राहते. जो कंट्रोल एकटा आहे, ज्याच्याकडे बघताना शेजारच्या कुणाकडे बघावं लागत नाही, त्याला नॉब लागतो. जो कंट्रोल रांगेतला आहे, ज्याचा अर्थ शेजारच्यांशी तुलना केल्याशिवाय कळत नाही, त्याला स्लायडर लागतो. पॅनेल बनवणाऱ्याने हा एक प्रश्न आधी विचारला, तर बाकीचे बरेच प्रश्न त्यातच सुटतात. तो विचारला नाही, तर कितीही महागडं मॉड्यूल हाताखाली अडखळतं.

आधी आत काय असतं ते बघू. नॉब असो की स्लायडर, आत कार्बनचा एक पट्टा असतो आणि त्यावरून सरकणारा धातूचा एक संपर्क. पट्टा गोल वळवला की फिरणारा पॉट (पोटेन्शिओमीटर) तयार होतो, सरळ ठेवला की सरकणारा. विजेच्या दृष्टीने दोघांत काहीच फरक नाही. सर्किटला समोर काय बसवलंय याचा पत्ताही नसतो. फरक पडतो तो हाताला, आणि तोही मोजता येण्याइतका. फिरणारा साधा पॉट साधारण ३०० अंशांत फिरतो. त्यावर २० मिलिमीटर व्यासाची टोपी बसवली, तर टोकापासून टोकापर्यंत जाताना बोटाखालून टोपीची कड सुमारे ५२ मिलिमीटर जाते. टोपी ३० मिलिमीटरची केली, तर तेच अंतर ७८ मिलिमीटरपर्यंत वाढतं, आणि आतला पॉट मात्र तोच राहतो. छोट्या मॉड्यूल्सवरच्या स्लायडरची धाव बहुतेक वेळा २० ते ३० मिलिमीटरच असते. त्याची टोपी मोठी केल्याने ती धाव तसूभरही वाढत नाही. ती वाढवायची तर आख्खा भागच लांब घ्यावा लागतो. म्हणजे नॉबची बारकाई नंतरही वाढवता येते, स्लायडरची बारकाई कारखान्यातून ठरून येते. ‘स्लायडर लांब दिसतो म्हणून त्यावर बारीक काम होतं’ ही समजूत छोट्या पॅनेलवर तरी खरी नाही. स्टुडिओतल्या मिक्सरवरचा १०० मिलिमीटरचा स्लायडर, म्हणजे फेडर, ही वेगळी गोष्ट आहे. तेवढी जागा मॉड्युलरच्या पेटीत क्वचितच मिळते.

मग स्लायडर हवाच कशाला? याचं उत्तर बोटांच्या संख्येत आहे. नॉब फिरवायला अंगठा आणि तर्जनी दोन्ही लागतात, म्हणजे एक नॉब आख्खा एक हात अडवतो. दोन हातांनी दोन नॉब, एवढीच मर्यादा. स्लायडर मात्र एका बोटाने सरकतो आणि एका हाताची तीन-चार बोटं तीन-चार स्लायडर एकाच वेळी हलवू शकतात, तेही वेगवेगळ्या दिशांना. ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात हा मुद्दा फार आधी निकाली निघाला आहे. सुरुवातीच्या मिक्सिंग टेबलांवर मोठे गोल नॉब असायचे. न्यूयॉर्कच्या अटलांटिक रेकॉर्ड्समधले ध्वनिअभियंते टॉम डाउड यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या टेबलावर सरळ सरकणारे फेडर आणले. अनेक ट्रॅक एकाच वेळी बोटांखाली असावेत, हाच त्यामागचा हेतू होता. पुढे जगभरच्या मिक्सरांनी तीच वाट धरली. तरीही नॉब पूर्णपणे हटला नाही, हेही तितकंच बोलकं आहे. न्यूयॉर्कच्या क्लबांमध्ये १९७० च्या दशकापासून काही डीजे गोल नॉबांचे मिक्सर आवडीने वापरत आले, कारण एक गाणं दुसऱ्या गाण्यात हळूहळू, कुणाच्या लक्षातही न येता मिसळायचं असेल, तर एका हाताला एकच गाणं देणं सोयीचं पडतं. याउलट हिप-हॉपमध्ये स्क्रॅच करणाऱ्यांना आडवा क्रॉसफेडरच हवा, कारण तिथे आवाज क्षणात कापायचा आणि क्षणात आणायचा असतो. यंत्र एकाच जातीचं, वाजवणारेही त्याच पेशातले, पण काम बदललं तसा कंट्रोल बदलला. आवडीनिवडीचा प्रश्न असता, तर कामानुसार इतकी स्वच्छ विभागणी झाली नसती.

बोटांनंतर डोळा. रांगेतल्या कंट्रोलना स्लायडर का शोभतो याचा सगळ्यात जुना पुरावा सिंथेसायझरच्याही आधीचा आहे. १९३५ मध्ये बाजारात आलेल्या हॅमंड ऑर्गनवर नऊ-नऊ ड्रॉबारांचे संच असतात. प्रत्येक ड्रॉबार म्हणजे आवाजातला एक घटक स्वर. तो ओढून शून्यापासून आठपर्यंत हवा तेवढा मिसळायचा. नऊ दांड्या कमी-जास्त ओढलेल्या दिसल्या, की जाणकार वादकाला आवाजाचा पोत नजरेनेच कळतो. इथे एका दांडीला एकटीला काही अर्थ नाही. तिसरी पाचवर आहे हे कळून उपयोग नाही, पहिली आणि दुसरी कुठे आहेत हे कळलं तरच उपयोग. सिक्वेन्सरचं तसंच. मूग कंपनीच्या ९६० या सिक्वेन्सरवर आठ-आठ नॉबांच्या तीन ओळी होत्या. एआरपीने पुढे काढलेल्या १६०१ वर सोळा स्लायडर होते. दोन्ही यंत्रं ठरावीक क्रमाने विद्युतदाब सोडतात आणि त्यातून सुरावट वाजते. पण ९६० वरची सुरावट वाचायला एकेका नॉबचा काटा कुठे वळलाय ते पाहून मनात मांडावं लागतं. १६०१ समोर उभं राहिलं, की सुरावट चढते कुठे आणि उतरते कुठे, ते समोर उभंच असतं. चौथा स्वर खटकतोय असं कानाने सांगितलं, तर डोळा त्याच क्षणी चौथ्या स्लायडरवर जातो आणि तो शेजारच्यापेक्षा उगाच वर गेलाय हे दिसतं. इंटेलिजेलच्या मेट्रोपोलिससारख्या अलीकडच्या सिक्वेन्सरांनी स्वरांसाठी स्लायडरच ठेवले आणि ते वापरताना ही सोय पदोपदी जाणवते.

याला जोडूनच आठवणीचा प्रश्न येतो. खरा मॉड्युलर सिंथेसायझर काही लक्षात ठेवत नाही. केबली काढल्या, नॉब हलले, की तो आवाज गेला. आपल्याकडचं उदाहरण अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचं आहे. तिथे १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूगचा मॉड्युलर सिंथेसायझर बसवला आणि पुढची काही वर्षं गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा आदींनी त्यावर काम केलं. त्या ध्वनिफिती पुढे सापडल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. आवाज राहिला. पण फितीवर आवाजच राहतो. कोणता नॉब किती फिरवला होता, ते फीत सांगत नाही. म्हणून या वाद्याची माणसं पूर्वी कागदावर आकृत्या भरत आणि आज मोबाइलवर फोटो काढतात. नॉबची जागा सांगताना घड्याळाची भाषा वापरतात: दोनच्या जागी, दहाच्या जागी. एकट्या नॉबसाठी ही भाषा पुरेशी आहे, किंबहुना उत्तम आहे. फिल्टर अकराच्या जागी ठेव म्हटलं की समोरच्याला लगेच कळतं. पण चोवीस नॉबांची अशी यादी कुणी वाचून दाखवू लागलं, तर चूक होणारच. स्लायडरच्या रांगेचा एकच फोटो पुरतो, कारण जे लक्षात ठेवायचं ते त्या रांगेचा चढउतार असतो, सुटे आकडे नव्हे.

इथपर्यंत वाचून स्लायडरवाले खूश झाले असतील आणि त्यांचा आवडता दाखला ते पुढे करतील: एन्व्हलप. आवाजाचा चढ, उतार, टिकाव आणि शेवट अशा चार गोष्टी ठरवणारे अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज हे चार कंट्रोल. ते स्लायडर असले की आवाजाचं चित्रच समोर दिसतं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे तपासून पाहण्यासारखं आहे, कारण ते खरं नाही. चारपैकी अटॅक, डिके आणि रिलीज या तीन गोष्टी म्हणजे वेळ आहे. फक्त सस्टेन ही पातळी आहे. आवाजाचा आलेख कागदावर काढला, तर वेळ आडव्या रेषेवर जाईल आणि पातळी उभ्या. पॅनेलवर मात्र चारही उभे. अटॅकचा स्लायडर जितका वर, तितका आवाजाला वर चढायला वेळ जास्त, म्हणजे आलेखातला चढ तितकाच मंद. डोळ्याला दिसतं नेमकं उलटं: उंच उभा स्लायडर, म्हणजे काहीतरी जोरात उसळणार असं वाटतं. त्यात भर म्हणजे वेळेचे कंट्रोल काही मिलिसेकंदांपासून अनेक सेकंदांपर्यंत पोचायचे असल्याने ते समप्रमाणात वाढत नाहीत. स्लायडर मध्यावर आला म्हणून वेळ निम्मा होत नाही. म्हणजे हॅमंडच्या ड्रॉबारांत किंवा सिक्वेन्सरच्या स्लायडरांत जे चित्र खरं आहे, ते एन्व्हलपवर खोटं आहे. चार वेगळ्या जातीच्या गोष्टी एका रांगेत उभ्या केल्याने त्या एका कुळाच्या होत नाहीत.

आणि तरीही एन्व्हलपवर स्लायडर चांगलाच चालतो, हे मी मान्य करते. कारण मात्र वेगळं आहे. तारेवर टिचकी मारल्यासारखा आवाज हवा असेल, तर अटॅक तळाला, डिके थोडा वर, सस्टेन तळाला. हळूहळू पसरणारा आवाज हवा असेल, तर अटॅक आणि रिलीज वर, सस्टेनही वर. अशा पाच-सात रचना वारंवार लागतात, आणि चार टोप्यांची मांडणी म्हणून त्या डोळ्यात बसतात. ते चित्र नाही, ती ओळखीची खूण आहे. शिवाय अटॅक कमी करता करताच डिके वाढवणं हे रोजचं काम आहे आणि दोन बोटांनी ते एकाच दमात होतं. तेव्हा एन्व्हलप हे हाताच्या बाजूने स्लायडरचं काम आहे आणि डोळ्याच्या बाजूने कशाचंच नाही. मिनीमूग या सिंथेसायझरवर १९७० मध्ये यातले अटॅक, डिके आणि सस्टेन नॉब म्हणून आले, एआरपी २६०० वर त्यानंतर लगेचच चारही कंट्रोल स्लायडर म्हणून आले, आणि पन्नास वर्षं दोन्ही पद्धती सुखाने नांदल्या. जिथे तर्क एका बाजूला ठाम झुकत नाही, तिथे परंपराही झुकली नाही.

आता नॉबची बाजू, आणि इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण स्लायडरचे गुण दिसतात आणि नॉबचे गुण हात लावल्याशिवाय कळत नाहीत. फिल्टरचा कटऑफ हा मॉड्युलरमधला सर्वांत एकटा कंट्रोल. आवाज बंदिस्त आहे की उघडा, मातकट आहे की लखलखीत, ते यावर ठरतं, आणि तो हळूहळू हलवणं हेच कित्येकदा आख्खं वादन असतं. रोलंडच्या टीबी-३०३ या छोट्याशा बेस सिंथेसायझरचं उदाहरण घ्या. त्याच्या वरच्या बाजूला लहान नॉबांची ओळ आहे आणि त्यातल्या कटऑफ व रेझोनन्सच्या दोन नॉबांवर शिकागोच्या फ्यूचर या गटाने १९८७ च्या ‘ॲसिड ट्रॅक्स’मध्ये बारा मिनिटांच्या आसपास संगीत उभं केलं. सुरावट तीच राहते, बदलतो तो फिल्टर. हेच यंत्र त्याच्या पाच वर्षं आधी मुंबईत वाजलं होतं. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका केली ती टीबी-३०३, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ घेऊन. ज्युपिटर-८ हा स्लायडरांनी भरलेला सिंथेसायझर. रागाची सुरावट ज्यात वाजवायची तो आवाज निवांत बसून घडवायचा, त्यात अनेक घटक एकमेकांच्या तोलाने ठरवायचे. तिथे स्लायडरांच्या रांगा कामाच्या. खाली सतत फिरणाऱ्या बेसला मात्र नॉब पुरेसे. हे त्या यंत्रांच्या निर्मात्यांनी ठरवलेलं होतं, चरणजित सिंग यांनी नाही. पण एकाच ध्वनिमुद्रिकेत दोन्ही जाती शेजारी नांदताना ऐकल्या, की प्रत्येकीचं काम कोणतं ते कळतं.

हळू फिरवण्यात नॉब का सरस, याचं कारण पकडीत आहे. स्लायडर ढकलताना स्थिर घर्षण आडवं येतं: जरासा जोर दिला तर हलत नाही, आणखी दिला तर हवं त्यापेक्षा पुढे जातो. नॉबवर अंगठा आणि बोट एकमेकांच्या विरुद्ध दाबत असतात, त्यामुळे तो घसरण्याआधीच आवरला जातो. मिक्सिंग टेबल आडवं असतं. मनगट टेबलावर टेकवून फेडर सरकवता येतो, म्हणून तिथे ही अडचण भासत नाही. मॉड्युलरची पेटी बहुधा उभी असते. समोर केबलींचं जाळं लोंबत असतं आणि त्यातून हात घालायचा असतो. मनगट टेकवायला जागाच नाही. अशा वेळी स्लायडरला लावलेलं बोट अधांतरी राहतं आणि खांद्याचा कंप थेट आवाजात उतरतो. नॉब पकडला की हाताला आधार नॉबचाच मिळतो. शिवाय एखादी केबल उपसताना शेजारच्या स्लायडरला तिचा धक्का लागला की तो हलतो. नॉबला केबल घासून गेली तरी त्याला काही होत नाही. पॅनेलच्या चित्रात दोन्ही सारखेच सुबक दिसतात. हे फरक कळतात ते केबली भरलेल्या पेटीसमोर. संगणकावरच्या आभासी मॉड्युलरवर हात बसलेल्यांना तर नॉबवर अन्याय करण्याची सवयच लागते, कारण तिथे पडद्यावर चित्र गोल असतं आणि माउस मात्र सरळ वर-खाली ओढावा लागतो. व्हीसीव्ही रॅकसारखी मोफत प्रणाली शिकायला फार चांगली आहे, पण नॉबबद्दलचं मत तिच्यावरून बनवू नये.

स्वर जुळवण्याच्या बाबतीत आकडेच बोलतात. ऑसिलेटरच्या एका कंट्रोलवर पाच सप्तकं बसवली, तर ३०० अंशांत साठ अर्धस्वर येतात, म्हणजे एका अर्धस्वराला पाच अंश. २० मिलिमीटरच्या नॉबच्या कडेवर ते होतं जेमतेम ०.८७ मिलिमीटर. ३० मिलिमीटरच्या स्लायडरवर अर्धा मिलिमीटर. सुमारे बावीस सेंटची, म्हणजे अर्धस्वराच्या बावीस शतांशांची, श्रुती त्या स्लायडरवर ०.११ मिलिमीटरमध्ये शोधावी लागेल, जे बोटाला शक्य नाही. नॉबलाही ते अवघडच आहे, म्हणून दोन्ही पद्धतींत बारीक जुळणीचा दुसरा कंट्रोल देतात. एआरपी २६०० वरही ऑसिलेटरला एक ढोबळ आणि एक बारीक असे दोन स्लायडर आहेत. इथे आपल्याकडचा जाणकार हरकत घेईल, आणि ती हरकत वजनदार आहे. तानपुऱ्यावर नेमकं उलटं नाही का? ढोबळ जुळणी खुंटी पिळून करतात आणि स्वर काट्यावर आणतात तो मणी सरकवून. म्हणजे बारीक काम सरकवण्याचं, ढोबळ काम फिरवण्याचं. पण मणी बारीक काम करतो तो सरकतो म्हणून नाही. तो बोटभर सरकला तरी तारेचा ताण अगदी थोडा बदलतो म्हणून. खुंटी जराशी फिरली की ताण खूप बदलतो. बारकाई येते ती हाताची हालचाल आणि तिचा परिणाम यांच्या प्रमाणातून. छोट्या पॅनेलवर हे प्रमाण वाढवायची सोय नॉबकडे जास्त आहे, एवढाच माझा दावा आहे. तानपुऱ्याचा दाखला तो खोडत नाही, उलट त्याचं कारण स्पष्ट करतो.

स्लायडरविरुद्ध जागा, धूळ आणि पैसा हे तीन आक्षेप नेहमी एकत्र येतात. जागेचा आक्षेप अर्धवट आहे. सध्या सर्वाधिक चालणाऱ्या युरोरॅक मापात पॅनेलची उंची १२८.५ मिलिमीटर ठरलेली असते आणि रुंदी ५.०८ मिलिमीटरच्या पटीत वाढते. जागेची खरी मारामार रुंदीची, आणि स्लायडर रुंदी कमी घेतो, उंची खातो. म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सच्या स्टेजेस या मॉड्यूलवर ७१ मिलिमीटर रुंदीत सहा उभ्या पट्ट्या आहेत आणि प्रत्येक पट्टीत एक स्लायडर, एक नॉब, एक बटण. प्रत्येक टप्प्याचा मुख्य आकडा, जो शेजारच्या टप्प्यांशी ताडून पाहायचा, तो स्लायडरवर. त्या टप्प्याचा वळणदारपणा, जो त्याचा एकट्याचा, तो नॉबवर. एमिली जिलेट यांच्या या रचनेत माझ्या मुद्द्याचं उत्तम उदाहरण तयारच आहे. धुळीचा आक्षेप मात्र खरा आहे. स्लायडरची खाच उघडी असते. त्यातून धूळ आत जाते, पट्टा खराब होतो आणि सरकवताना खरखर येते. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट खाऱ्या हवेत तर वापर नसताना पेटी झाकून ठेवणं आणि अधूनमधून कॉन्टॅक्ट क्लीनर मारणं याला पर्याय नाही. पैशाचंही तसंच: घरी मॉड्यूल बनवणाऱ्याला नॉबसाठी गोल भोक पाडलं की झालं, स्लायडरसाठी लांब खाच सरळ कापावी लागते आणि ती जराही तिरकी गेली तर टोपी घासते. हे खर्च खरे आहेत, पण आठ स्वरांचा सिक्वेन्सर वाचताच येत नसेल, तर वाचवलेल्या पैशांनी काही साधत नाही.

शेवटचा आक्षेप सवयीचा. एआरपी २६०० वर फिल्टरही स्लायडरवरच आहे आणि त्यावर कीबोर्डवादक जो झाविनूल यांच्यासारख्यांनी थोर काम केलं. कॉर्गने २०२० मध्ये हे वाद्य पुन्हा काढलं तेव्हाही स्लायडर जसेच्या तसे ठेवले. मग सवय झाली की सगळं सारखंच, नाही का? माणूस कशावरही वाजवायला शिकतो, हे खरं आहे. पण २६०० ही एकच ठरीव रचना आहे. ते वाद्य घेतलं की त्याचं पॅनेल आयुष्यभर तेच राहतं आणि हात त्याला सरावतो. पेटीत निवडून भरलेल्या मॉड्युलरचं पॅनेल दर काही महिन्यांनी बदलतं. एक मॉड्यूल जातं, दुसरं येतं, उजवीकडचं डावीकडे सरकतं. सवयीला मुरायला वेळच मिळत नाही, म्हणून पॅनेलने स्वतःच बोललं पाहिजे. झाविनूल यांनी त्या स्लायडरवर मात केली म्हणून तो स्लायडर योग्य ठरत नाही. २६०० च्या फिल्टरला मोठा नॉबच हवा होता, असंच माझं मत आहे, आणि त्या वाद्याबद्दलचं माझं प्रेम त्याने कमी होत नाही. आपल्याकडे आता घरच्या घरी मॉड्यूल बनवणारी तरुण मुलंमुली आहेत. त्यांना एवढंच सांगणं आहे: पॅनेल कापायला देण्याआधी ते कागदावर खऱ्या मापात छापा, भिंतीवर उभं चिकटवा, समोर पाच-सहा केबली लोंबत्या सोडा आणि प्रत्येक कंट्रोलवर बोट ठेवून विचारा, हा एकटा आहे की रांगेतला. खर्चात काटकसर करायची असेल तर दुसरीकडे करा, ऑसिलेटर आणि फिल्टरवर मात्र जाड, मोठा, घट्ट फिरणारा नॉबच बसवा.